फुकटची लॉन्ड्री आणि एसटीचा पास

आजचा भाग मी पुण्यातून नाही, गावाकडून रेकॉर्ड करतोय. गाव म्हणजे अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. मागे मधूनच हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, घर रस्त्यापासून लांब नाही आणि चिखली-खामगाव रोडवरची एसटी हॉर्न दिल्याशिवाय आमचं गाव सोडत नाही.

आजचा विषय जरा विचित्र वाटेल: क्रूझ. म्हणजे समुद्रात फिरणारी मोठाली जहाजं. तुम्ही म्हणाल, अमडापूरचा आणि समुद्राचा काय संबंध? काहीच नाही. पण मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे एका प्रवास कंपनीचं अॅप बनवायचं काम आलं होतं. नाव नाही सांगणार. त्यात माझ्या वाट्याला आलं लॉयल्टीचं मॉड्यूल. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, पॉइंट्स, सगळं ते. म्हटलं, जगात हे सगळ्यात भारी कोण करतं ते बघू. म्हणून क्रूझ कंपन्यांचे नियम वाचत बसलो.

विमानवाल्यांचं आपल्याला थोडंफार माहीत असतं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये मैल मोजायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच ते उचललं. क्रूझवाले मात्र रात्री मोजतात. रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घ्या. जहाजावर एक रात्र काढली की एक पॉइंट, महागड्या सूटमध्ये राहिलात तर दोन. ८० पॉइंट झाले की तुम्ही डायमंड. आणि सगळ्यात वरच्या पायरीला ७०० पॉइंट लागतात. सातशे! साध्या खोलीत राहिलात तर जवळपास दोन वर्षं समुद्रावर.

आता मला वाटलं, एवढे पॉइंट जमवणाऱ्या माणसाला काय आवडत असेल? मोठी पार्टी? कॅप्टनसोबत फोटो? जहाजाचं चित्र असलेली पिन? हे सगळं मिळतंच. पण असे प्रवासी कशाबद्दल भरभरून बोलतात माहितीये? कपडे धुण्याबद्दल! हॉलंड अमेरिका म्हणून एक जुनी कंपनी आहे. तिथे चौथ्या स्टारला पोचलात की लॉन्ड्री आणि इस्त्री फुकट. लोक त्या चौथ्या स्टारची वाट बघतात.

मी पहिल्यांदा हसलो. एवढे पैसे खर्च करणारी माणसं आणि आनंद कशाचा, तर बनियन धुऊन मिळाल्याचा! पण विचार करा. पंधरा-वीस दिवसांचा प्रवास, बॅग एक किंवा दोन, खोली छोटी, बाथरूम त्याहून छोटं. एकेका शर्टाचे वेगळे पैसे. नाहीतर बेसिनमध्ये धुवा आणि खुर्चीवर वाळत घाला. ही रोजची कटकट आहे, आणि फुकटची लॉन्ड्री ती कटकट संपवते. पिन काय, घरी गेल्यावर ड्रॉवरमध्ये पडते.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे रांग टाळणं. जहाजावर चढताना, उतरताना, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जाताना आधी नंबर लागणं. आणि तिसरी, रोज मिळणारं काहीतरी ठरलेलं. रॉयल कॅरिबियन डायमंडवाल्याला रोज चार ड्रिंक देते. चार म्हणजे चार. त्यात 'अटी लागू'ची भानगड कमी.

बघा हं, तिन्ही गोष्टींत एक धागा आहे. रोजचा त्रास कमी होतो, वेळ वाचतो, आणि काय मिळणार ते आधीच पक्कं माहीत असतं.

हे वाचताना माझ्या डोक्यात घंटी वाजली. कारण असलं कार्ड माझ्याकडे अकरावीतच होतं. एसटीचा पास!

मी अकरावी-बारावी चिखलीला केली. रोज अमडापूर ते चिखली आणि परत. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला एसटी ६६.६७ टक्के सवलत देते. म्हणजे १०० रुपये लागायचे तिथे साधारण ३३. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये तो पास, त्यावर शिक्का मारलेला फोटो, आणि त्या फोटोत मी असा दिसायचो की कंडक्टरसुद्धा दोनदा बघायचे.

मोठ्यांसाठीही पास असतो. महिन्याचा पास काढला तर २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. तीन महिन्यांचा काढला तर ५० दिवसांचं भाडं आणि ९० दिवस प्रवास. समजा तुमचं येणं-जाणं मिळून रोजचे ८० रुपये होतात. महिन्याचा पास १६०० चा. महिन्यात २६ दिवस कामावर गेलात तर सुटे तिकीट काढून २०८० गेले असते. तिमाही पास ४००० चा, तीन वेळा मासिक काढला असता तर ४८००. झालं! हिशोब संपला. पॉइंट नाही, लेव्हल नाही, अॅप नाही. आमच्या गावच्या दुकानावर बसलेला माणूससुद्धा हा हिशोब बोटांवर करतो. मी म्हणतो, लॉयल्टीचा नियम बोटांवर मोजता आला पाहिजे. नाही आला, तर कोणीतरी कुठेतरी तुम्हाला गंडवतंय असं समजा.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून लोक तिच्याशी इतके निष्ठावान का आहेत? काही जण म्हणतील, पर्याय कुठे होता. खरं आहे. पर्याय नसलेल्या माणसाच्या निष्ठेला निष्ठा म्हणू नये. आमच्याकडे काळीपिवळी आल्या, खासगी गाड्या आल्या, प्रत्येकाच्या दारात मोटरसायकल आली, तेव्हा कितीतरी लोकांनी लालपरी सोडलीच. पण काही लोकांनी नाही सोडली. त्यातल्या तिघांची गोष्ट सांगतो. तिघंही आमच्याच घरातले.

पहिली माझी लहान बहीण. ती दहावी झाली तेव्हा घरात चर्चा, पुढे चिखलीला पाठवायचं का? बाबा नाही म्हणत नव्हते, पण हो पण म्हणत नव्हते. माझ्या बीटेकची फी चालू होती, आणि त्या वर्षी सोयाबीनने काही हाती दिलं नव्हतं. तेव्हा तिनेच माहिती आणली की अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी एसटीचा पास फुकट मिळतो. आईने एवढंच म्हटलं, "मंग आता अडचन काय राह्यली?" आणि विषय संपला. आज ती नर्सिंग करतेय. फक्त पासामुळे शिकली असं मी नाही म्हणणार, ती हुशार आहे. पण नाही म्हणायला जे एक कारण शिल्लक होतं, ते त्या पासाने काढून घेतलं.

दुसरे आमचे आबा. वय ८१. गुरुवारी शेगावला जायचं हा त्यांचा जुना नेम. ६५ नंतर अर्धं तिकीट होतं, तरी जाताना ते बाबांकडे पैसे मागायचे, आणि मागायला लाजायचे. मग मधले गुरुवार गळायला लागले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७५ च्या वरच्यांना एसटी मोफत झाली, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. आता आबा आधार कार्ड दाखवतात, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतात, आणि आबा ते तिकीट खिशात जपून ठेवतात. मी एकदा म्हटलं, "आबा, वाचून वाचून किती पैसे वाचतात?" ते म्हणाले, "पैशाचं नाही बाबू. कोणाले मांगा लागत नाही, हे मोठं आहे."

हे वाक्य मी माझ्या लॅपटॉपवर चिकटवून ठेवलंय. खरंच.

कोणी म्हणेल, ही लॉयल्टी नाही, सरकारी सवलत आहे. त्याचे पैसे सरकार एसटीला देतं. बरोबर. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं तेही असंच. पण सवलत घेणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटतं, हे दोन्हीकडे सारखंच निघतं.

तिसरा मी. माझी गोष्ट पैशाची नाहीच. मी कायम उशिरा निघणारा. सकाळची गाडी स्टँडवर लागलेली आणि मी दप्तर धरून पळतोय, असं आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. एकदा गाडी हललीसुद्धा. आणि मला आतून कंडक्टर काकांचा आवाज आला, "थांब न बाप्पा, तो रोजचा पोट्टा येऊन रायला!" गाडी थांबली. अर्धा मिनिट.

'रोजचा पोट्टा' ही पदवी मला कोणत्याच अॅपने दिली नाही. प्लॅटिनम दिली, पण ती लाखो लोकांना दिली असेल. क्रूझवाल्या प्रवाशांचंही तेच. गोव्यातली, कोकणातली कितीतरी पोरं त्या जहाजांवर काम करतात. पुन्हा आलेल्या माणसाला नावाने हाक मारली, त्याचा चहा कसा लागतो ते लक्षात ठेवलं, की तो माणूस पुढची ट्रिप बुक करतो.

आता जरा कडू गोष्ट.

आमच्या त्या अॅपमध्ये एक नियम होता. वर्षभर प्रवास केला नाही तर सगळे पॉइंट शून्य. मेसेज नाही, काही नाही. तो कोड मी लिहिला. चार-पाच ओळींचा. टेस्ट पास झाली, मी खूश. काही महिन्यांनी सपोर्टकडून एक तक्रार आमच्यापर्यंत आली. एक काका होते, वर्षानुवर्षं त्याच कंपनीने फिरणारे. त्या वर्षी त्यांच्या बायकोचं आजारपण निघालं, कुठे जाता आलं नाही. ती बरी झाल्यावर तिला फिरायला न्यायचं म्हणून त्यांनी पॉइंट साठवले होते. अॅप उघडलं तर शून्य. त्यांनी लिहिलं होतं की नियम असेल, पण मला एकदा सांगायचं तरी.

मी ती तक्रार वाचली आणि मला आबा आठवले. मी त्या माणसाला मागायला लावलं होतं.

मिटिंगमध्ये मी म्हटलं, हा नियम काढा. नाही काढला. हिशोबात ते पॉइंट म्हणजे कंपनीवरचं देणं असतं, ते कधीतरी संपवावं लागतं, हे मलाही पटलं. मग भांडून एवढं मिळालं: संपायच्या ३० दिवस आधी एक मेसेज, आणि तोही मराठीत. काकांचे पॉइंट परत दिले. हा काही मोठा विजय नाही. पण तो मेसेज पाठवणारा कोडही मीच लिहिला, आणि तो मी तीनदा तपासला.

मोठ्या कंपन्याही इथेच अडखळतात. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून दिवस नाही, खर्च मोजणार. जुने प्रवासी चिडले. कारण त्यांच्या लेखी ते कित्येक वर्षं एका शब्दावर चालत होते, आणि शब्द मध्येच बदलला.

उलट एसटीने एक साधी गोष्ट केली. अलीकडे जूनमध्ये विद्यार्थ्यांचे पास थेट शाळेत नेऊन द्यायची मोहीम काढली. आमच्या वेळी पासासाठी डेपोत रांग, एक तास बुडायचा, कधी फॉर्म संपायचे. सवलत तेवढीच, पण रांग गेली. माझ्या मते ती रांग जाणं हीच खरी भेट. आणि लांबच्या प्रवासाचं पूर्ण तिकीट आधी आरक्षित केलं तर १५ टक्के सूट, हे जुलै २०२५ पासून आलंय. दिवाळी आणि उन्हाळ्याची गर्दी सोडून. तुमच्यापैकी पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

तर मित्रांनो, जाता जाता एक काम देतो. आज फोनमधलं कुठलंही एक अॅप उघडा, ज्यात तुमचे पॉइंट पडलेत. तीन गोष्टी बघा. एक, ते कधी संपतात, हे एका मिनिटात सापडतं का? दोन, त्याची किंमत रुपयांत बोटांवर काढता येते का? तीन, त्याने तुमची एखादी रोजची कटकट खरंच कमी होते का? तिन्हीचं उत्तर नाही आलं, तर ते अॅप तुमच्याशी निष्ठावान नाही. मग तुम्हीही राहू नका.

आणि तुमच्यासाठी कधी कोणी गाडी थांबवली असेल, तर तो किस्सा व्हॉइस नोटमध्ये नक्की पाठवा. चांगले किस्से पुढच्या भागात लावू.

चला, आबा हाक मारतायत. उद्या गुरुवार आहे, आणि या वेळी मलाही सोबत यायचंय. फक्त तिकीट माझंच पूर्ण लागणार आहे! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.