कामगारांनी ठेवलेले नाव

श्रोतेहो, तमाशातला सोंगाड्या तुम्ही पाहिला आहे. कधी पोलीस, कधी वकील बनून दारात दम देणारा बहुरूपीही पाहिला असेल. नक्कल करून हसवण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. तिच्या जोरावर कारखान्यातून सिनेमात पोचलेल्या एका कामगाराविषयी आज सांगायचे आहे. तुम्ही त्यांना जॉनी लिव्हर म्हणून ओळखता.

मूळ नाव जॉन प्रकाश राव जनुमला. जन्म १४ ऑगस्ट १९५७, आंध्रातल्या तेलुगू घरात. वाढले मात्र मुंबईत, धारावीत. घरची गरिबी, म्हणून शाळा सातवीतच सुटली. मग पोरगा रस्त्यावर पेन विकू लागला. आता मुंबईत पेन विकणारी पोरं काय थोडी? पण हा सिनेनटांच्या लकबी करीत, नाचत पेन विकी. लोक थांबत, हसत आणि खिशात हात घालीत.

गुरुजी, आपल्या वर्गातही मास्तरांची नक्कल करणारा एखादा वांड मुलगा असतोच. आपण त्याला बाकावर उभा करतो. पण नक्कल साधायला आधी किती बारकाईने पाहावे लागते बघा! चाल कशी, खांदा कुठे झुकतो, वाक्य कुठे तुटते, घसा केव्हा खाकरला जातो. धड्यात ज्याचे लक्ष नाही, तो पोरगा तुमच्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहत असतो.

पुढे वडील होते त्याच हिंदुस्थान लिव्हर कंपनीत हा मजूर म्हणून लागला. जड पिंपे उचलण्याचे काम, तेही सहा वर्षे. कंपनीच्या एका समारंभात त्याने साहेबलोकांच्या नकला केल्या. ज्यांच्या हाती आपली भाकरी, त्यांचीच नक्कल, आणि तीही कंपनीच्याच कार्यक्रमात! जरा बोचरी झाली तर नोकरीवर गदा. मिळमिळीत झाली तर कोणी हसायचे नाही. दोन्ही सांभाळून त्याने हसवले. कामगारांनी तिथेच त्याचे नाव ठेवले जॉनी लिव्हर.

नोकरीबरोबर ऑर्केस्ट्रात नकला चालूच होत्या. प्रताप जानी आणि राम कुमार या नकलाकारांकडून त्यांनी धडे घेतले. ना नेपथ्य, ना साथीदार, समोर गाणी ऐकायला आलेली गर्दी. हे काम फार अवघड, बरं का! गायकाचा सूर चुकला तर वाद्ये सांभाळून घेतात. हसवणाऱ्याचा नेम चुकला तर त्याला कोण सांभाळणार? कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून त्यांचे नाव झाले, कार्यक्रम वाढले आणि १९८१ साली त्यांनी नोकरी सोडली. सुनील दत्त यांनी १९८२च्या ‘दर्द का रिश्ता’मध्ये त्यांना भूमिका दिली. ‘हंसी के हंगामे’ ही त्यांची कॅसेटही घरोघर वाजली.

पुढे १९९३ साली ‘बाजीगर’ आला. त्यातला विसरभोळा नोकर बाबूलाल लोकांनी डोक्यावर घेतला. ‘दीवाना मस्ताना’ आणि ‘दूल्हे राजा’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. चित्रपट तर शेकड्यांनी केले. पण माझं मत विचाराल तर, सिनेमाने त्यांना पुष्कळदा नुसते ओरडायला आणि तोंडे वाकडी करायलाच लावले. बारकाईने माणूस उभा करणारे जॉनी लिव्हर रंगमंचावरच जास्त भेटतात.

त्यांची मुलगी जेमी हिनेही हाच व्यवसाय पत्करला आहे. तीही एकटीच माईकसमोर उभी राहते आणि नकला करते. आडनाव म्हणून कारखान्यातल्या कामगारांनी दिलेले तेच ‘लिव्हर’ लावते.