भरलेली गाडी आणि सीमेवरचे दार



वसंत व्याख्यानमालेत संतांविषयी बोलावे, इतिहासाविषयी बोलावे, असा रिवाज आहे. आम्ही मालमोटारींविषयी बोलणार, हे कळल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. परंतु साक्रीसारख्या हमरस्त्यावरच्या गावाला हा विषय परका कसा वाटावा? आम्ही क्षणभर गप्प राहिलो, तर कोंडाईबारीचा घाट चढून आलेल्या गाड्यांची घरघर आपल्याला येथे बसल्या बसल्या ऐकू येईल.

हा आपला रस्ता कोठवर जातो, याचा विचार आपण क्वचितच करतो. जुन्या मंडळींना तो सहा नंबरचा महामार्ग म्हणूनच ठाऊक आहे. 2010 साली महामार्गांचे आकडे बदलले आणि आपल्या वाट्याला 53 हा आकडा आला. तो जुना सहा नंबर सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघून धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर करीत थेट कलकत्त्याला जात असे. कलकत्त्यापुढे सुमारे ऐंशी किलोमीटरांवर पेट्रापोल आहे. तेथे आपला देश संपतो आणि पलीकडे बांगलादेशाचे बेनापोल लागते. म्हणजे आपल्या दारातला रस्ता पूर्वेकडे धरून ठेवला, तर तो आपल्याला शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभा करतो. नाशिक-खानदेशच्या कांद्याचे हा शेजारी जुने आणि मोठे गिऱ्हाईक आहे.

आता भरगाडी म्हणजे काय ते पाहू. वाहतुकीच्या धंद्यात माल दोन तऱ्हांनी जातो. दहा जणांची दहा बोचकी एका गाडीत घालून, वाटेत गोदामागोदामांतून उतरवीत, चढवीत न्यावयाची, ही एक तऱ्हा. एकाच धन्याच्या मालाने सबंध गाडी भरावयाची, ताडपत्री आवळावयाची, आणि ती थेट मुक्कामालाच सोडावयाची, ही दुसरी. ट्रान्सपोर्टवाले हिला ‘फुल लोड’ म्हणतात. हिचे सारे मर्म एकाच गोष्टीत आहे : वाटेत मालाला हात लागत नाही. गाडीत सोळा टन कांदा आहे आणि गोणी पन्नास किलोंची आहे असे धरा. म्हणजे 320 गोण्या झाल्या. त्या एकदा चढतात, एकदा उतरतात. हमाली दोनदाच, आपटणे दोनदाच. कांद्यासारख्या नाजूक जिनसेला याचे मोल फार आहे.

आणि नेमके हेच मर्म सीमेवर मोडते. पेट्रापोलला आपली गाडी रांगेत लागते. कागद तपासले गेले की आपला ड्रायव्हर परवाना घेऊन बेनापोलच्या आवारापर्यंत जातो. तेथे त्या 320 गोण्या उतरतात आणि पलीकडच्या गाडीत पुन्हा चढतात. आपली गाडी बहुधा रिकामीच माघारी फिरते आणि त्या रिकाम्या फेरीचे भाडे शेवटी मालाच्या किमतीतच मिसळते. दोन्ही देशांत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, दोन्हीकडे रस्ता डांबरीच आहे. अडचण रस्त्याची नाही, ती कागदाची आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. टी.आय.आर. नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि भारत त्यात 2017 साली सामील झाला. गाडी निघतानाच सरकारी मोहोर लावावयाची, जकातीची हमी आधीच द्यावयाची, आणि वाटेतल्या सीमांवर फक्त मोहोर शाबूत आहे ना, एवढे पाहावयाचे, अशी त्याची रीत आहे. दुसरा करार आपल्या शेजारचाच. 15 जून 2015 रोजी थिंफू येथे बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर येऊ देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी कलकत्त्याहून एक मालगाडी ढाक्यावरून आगरतळ्याला प्रयोग म्हणून गेली, आणि आसामातून वळसा घालून जाण्याच्या मानाने हजारावर किलोमीटर वाचले! तरीही करार रखडला. आपल्या चिमुकल्या देशात परक्या गाड्यांचा लोंढा येईल, ही भूतानची धास्ती होती. तिला हसण्याचे कारण नाही. सीमेवरच्या हमालाचीही तीच धास्ती आहे. गोणी उतरलीच नाही, तर त्याची चूल कशी पेटावी? चोरटा मालही गोण्यांआडूनच जातो, म्हणून तपासणी नको असे कोणी म्हणू नये. आमचे म्हणणे एवढेच, की तपासणीला वेळ ठरलेली असावी. पश्चिम बंगाल सरकारने 2022 साली गाडीची पाळी आधी नोंदविण्याची सोय केली, ती याच दिशेने पडलेले पाऊल होय.

नाके उठू शकतात, हे आपण घराजवळ पाहिले आहे. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. 1 मे 1960 पूर्वी ती सीमाच नव्हती. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. एका देशात जे झाले ते दोन देशांत तसेच होईल असे नव्हे. परंतु रांग ही काही निसर्गाची करणी नव्हे, माणसाने केलेली आहे, एवढे तरी यावरून दिसते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. 14 सप्टेंबर 2020 रोजी आपल्या सरकारने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. त्या दिवशी शेकडो भरलेल्या गाड्या बांगलादेशाच्या सीमेवर उभ्या होत्या. काही दिवसांनी काही माल सोडला, पण ताडपत्रीखाली तोवर कांदा सडू लागला होता. आदल्या वर्षीही अशीच बंदी आली होती. तेव्हा दिल्लीस आलेल्या बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना हसतच म्हणाल्या होत्या, की आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधावयास सांगितले आहे, आधी कळविले असते तर बरे झाले असते. 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा बंदी आली, ती 4 मे 2024 रोजी उठली.

शहरातल्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू आम्ही वाईट मानत नाही. पण न्यायाचा एक साधा प्रश्न आम्ही विचारतो : जी गाडी कालच्या नियमाने निघाली, तिला आजचा नियम का लावावा? वरात निम्म्या वाटेवर असता मुहूर्त रद्द करीत नाहीत. गाडी अडली की ट्रान्सपोर्टवाला खोळंब्याचे भाडे मागतो, व्यापारी ते पुढच्या खरेदीत कापून घेतो, आणि अखेरीस ते पिंपळनेरच्या लिलावात ट्रॅक्टरपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या भावातून वजा होते. सीमा त्याने पाहिलेली नसते. तिची पट्टी मात्र तोच भरतो. शिवाय दोनदा फसलेले गिऱ्हाईक तिसऱ्यांदा दुसरे दुकान शोधते. शेजाऱ्यानेही तेच केले. तो इतर देशांकडून कांदा आणू लागला आणि स्वतःच्या शेतात अधिक पिकवू लागला.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. दार लावण्याचा अधिकार सरकारचा आहे, तो असावाच. पण दार लावण्याआधी हाक द्यावी, आणि बिल्टी फाडून वाटेला लागलेली गाडी पार होऊ द्यावी. एवढा एक नियम कायमचा लिहिला गेला, तर सोळा टन मालाबरोबर सोळा टन विश्वासही पोचता होईल.

व्याख्यान संपल्यावर रस्ता ओलांडताना एखादी ताडपत्री बांधलेली गाडी दिसेल. तिच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी वाट पाहत आहे आणि अलीकडच्या टोकाला आपल्यापैकीच कोणीतरी आहे, एवढे आठवावे.