मागून ढकलणारी गाडी आणि हिवाळ्याचे टायर

जर्मनीत यंदा पहिलाच हिवाळा काढणाऱ्या मराठी मंडळींशी आज थोडं बोलायचं आहे. म्यूनिक किंवा श्टुटगार्टला नोकरी लागली की एखादी जुनी बीएमडब्ल्यू नाहीतर मर्सिडीज घ्यायचा मोह होतोच. यातल्या पुष्कळ गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो. आपल्या पद्मिनीत आणि अँबेसेडरमध्येही तो मागेच असायचा, पण मुंबई-पुण्यात त्यांच्या वाट्याला बर्फ आला तो गोळेवाल्याचा.

इंजिन पुढे, जोर मागे. त्यामुळे ढकलणाऱ्या चाकांवर वजन कमी पडतं आणि बर्फात निघताना ती जागच्या जागी गरगरतात. वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की शेपूट बाहेर जातं. टायरची पकड मर्यादित असते. ती सगळी गाडी ढकलण्यातच खर्ची पडली, तर बाजूला धरून ठेवायला काय उरणार? स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असली तरी ती आहे तेवढीच पकड नीट वापरते, नवी निर्माण करत नाही.

इथे काटकसरी माणूस हिशेब करतो: जोर मागे, तर हिवाळ्याचे दोनच टायर घेऊ आणि मागे लावू. हा हिशेब फार महागात पडतो. गाडी ऐटीत निघेल, पण पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी सरळ जाईल. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात. दोनच टायर पुढे लावले, तर पुढचं धरेल आणि मागचं फिरून पुढे येईल. म्हणून चारही टायर एकाच जातीचे घ्या. झीज कमी-जास्त असेल, तर चांगली जोडी मागे.

रुंदीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. दिसायला भारी म्हणून मागे २५५ मिलिमीटर रुंद टायर आणि अठरा इंची रिम घालून फिरणाऱ्यांनी हिवाळ्यात हौस बाजूला ठेवावी. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. २००५ साली आलेल्या पिढीच्या बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या साध्या मॉडेलांना २०५/५५ आर १६ हे माप चालतं. शिवाय ते स्वस्त, आणि चारही चाकांना एकच माप असल्यानं पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात. मोठ्या इंजिनाच्या गाडीत मोठे ब्रेक असतात, त्यावर सोळा इंची रिम बसेलच असं नाही. म्हणून गाडीच्या कागदपत्रांतलं माप आधी बघा.

टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण असं चिन्ह हवंच. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेला टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्याचा म्हणून धरला जात नाही. कायद्याला खाचांची खोली १.६ मिलिमीटर पुरते, बर्फाला नाही. चारच्या खाली गेली की टायर बदला. जुना टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा.

बारमाही टायर? त्यावरही ते डोंगराचं चिन्ह असेल तर कायदा अडवत नाही. हॅम्बुर्गच्या सपाटीवर पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या गाडीला ते पुरतील. मागून ढकलणारी गाडी घेऊन आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

हिवाळ्याचे टायर लावायचा इथला रिवाज ऑक्टोबर ते ईस्टर. पण बर्फाची वाट पाहू नका; पारा साताच्या आसपास उतरला की उन्हाळी रबर कडक होऊ लागतं, रस्ता कोरडा असला तरी. आणि पहिल्या बर्फाच्या दिवशी गॅरेजवाला तुम्हाला दोन आठवड्यांनंतरची वेळ देईल. चाकं बदलून झाली की पन्नासेक किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.