परमुलुखातील दुखणे आणि शस्त्रवैद्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



एके काळी आपला ज्ञातिबांधव चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा विकून दिवेलागणीस घरी परते. आज त्याच चाकणच्या मोटार कारखान्यांतून आपली मुले जर्मनीस जातात आणि नातवंडांच्या ओढीने आम्हां वृद्धांनाही विमानात बसावे लागते.

गेल्या वर्षी आम्ही चिरंजीवांकडे तेथे गेलो. आमच्या जांघेत दोन वर्षांपासून लहानशी गाठ येई व आडवे होताच नाहीशी होई. तो अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होता. विद्यार्थ्यांना जन्मभर शरीरशास्त्र शिकविले. परंतु संकोचापायी ही गोष्ट आम्ही घरातही बोललो नाही. विम्याच्या कागदावर ‘पूर्वीचे दुखणे नाही’ असे लिहून मोकळे झालो. तेथे एके दिवशी जड पेटी उचलली आणि गाठ आत जाईना. वेदना व ओकाऱ्या सुरू झाल्या. तरीही ओवा चघळीत आम्ही रात्र काढली! पहाटे मुलाने ११२ क्रमांक फिरविला. शस्त्रवैद्यांनी अडकलेले आतडे सोडविले. आणखी विलंब होता तर रक्तपुरवठा तुटून ते सडले असते. प्राण वाचले, पण डॉक्टरांना ‘दोन वर्षांपासून’ असे खरे सांगावे लागल्याने विमा नामंजूर झाला आणि मुलाने घरासाठी साठविलेली पुंजी आमच्या संकोचापायी खर्ची पडली.

येथे एका थोर पुरुषाचे स्मरण होते. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या बंदिवासात गांधीजींचे आंत्रपुच्छ सुजले. ते निसर्गोपचाराचे अभिमानी, आणि शस्त्रवैद्य कर्नल मॅडॉक परक्या सरकारचे. तरी गांधीजींनी संमतिपत्रावर सही केली. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असता वीज गेली व कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. जेथे गांधीजींनी संकोच केला नाही, तेथे आम्ही कोण?

म्हणून आमची विनंती अशी की, अंतर्गळ, मूळव्याध, पित्ताशयातील खडे यांपैकी काहीही असल्यास निघण्यापूर्वीच शस्त्रवैद्यास दाखवावे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहेच. जर्मनीच्या अल्पमुदतीच्या प्रवेशपरवान्यास किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परंतु जुने दुखणे त्यात बहुधा धरीत नाहीत, हे वाचून घ्यावे आणि खरे तेच लिहावे. औषधांची मूळ नावे इंग्रजीत टिपून जवळ ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते आधी सांगावे.

तेथे साध्या तक्रारीसाठी प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. जरूर तर ते शस्त्रवैद्याकडे पाठवितात. दवाखाने बंद असता ११६११७ हा क्रमांक आहे. मात्र गाठ आत न जाणे, किंवा पोटातील कळ उजवीकडे खाली सरकून ताप व ओकारी येणे, ही लक्षणे दिसताच काही न खाता-पिता तडक रुग्णालय गाठावे. गावी फोन करून काढा विचारीत बसू नये.

लाज ही सद्गुणी माणसाचे भूषण खरे. पण वैद्यापुढे ती ठेवू नये. आमच्या चुकीतून एका घराची जरी पुंजी वाचली तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.