कोलॅजेनाचें सूत

जखम भरून येतांना नवी त्वचा धरते ती कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाच्या तंतुजालावर. असें जाळें बाहेर विणून जखमेवर पसरतां आलें तर?

युक्ति जुनीच आहे. आन्टोन फोर्महाल्स यानें १९३४ सालीं तिचें अमेरिकन पेटंट घेतलें. नळीच्या अग्राशीं लोंबणाऱ्या द्रावणाच्या थेंबास हजारों व्होल्टांचा विद्युद्दाब दिला कीं त्याची धार सुटते, द्रावक वाटेंतच उडून जातो, व समोरच्या पत्र्यावर केसाहून शेंकडों पट बारीक तंतु सांचतात.

२००२ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनियाच्या संशोधकांनीं कोलॅजेनाचें असें सूत काढलें. परंतु कोलॅजेन विरघळविण्यास त्यांनीं फ्लुओरिनयुक्त अल्कोहोल योजिलें होतें. २००८ सालीं अन्य संशोधकांनीं अशा सुताची परीक्षा केली, तों रेणूचा तिपेडी पीळ उलगडलेला! पेशी कोलॅजेनास ओळखतात त्या मुख्यतः या पिळावरून; तो गेल्यावर उरतें तें जिलेटिन, जें कातडीं-हाडें उकळून स्वस्तांत मिळतें. शिवाय तें अंगाच्या उबेंत विरघळूं लागतें. म्हणून त्याचे रेणु रसायनांनीं एकमेकांस बांधावे लागतात. पुढें मीठ, पाणी व साधें अल्कोहोल यांच्या मिश्रणांतूनहि सूत काढण्यांत आलें. तेथेंहि पीळ कितपत शाबूत राहिला, हें प्रत्येक वेळीं तपासावेंच लागतें.