शेजाऱ्याच्या अंगणातील पाणी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल दिवशी आपण ख्रिस्तमंदिराच्या शोभेची प्रशंसा केलीत, ती आम्ही आनंदाने ऐकली. परंतु एक कबुली दिल्यावाचून आम्हांस खाली बसवत नाही. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने आपल्या धर्मग्रामातील एक बालक नेले. सातव्या दिवशी आम्ही प्रार्थनेस दफनभूमीत गेलो, तेव्हा आसपासच्या कबरींवरील फुलदाण्यांत डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. जेथे त्या लेकराला निरोप दिला, तेथेच आपण तो डास पोसत होतो!

हा एडिस जातीचा डास बहुधा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंप, टाकी, करवंटी, जुना टायर ही त्याची घरे होत. त्याची मादी दिवसा दंश करते. तिची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. अंड्याचा डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. यास्तव दर आठवड्यास हे काम झाले पाहिजे. हा डास सहसा फार दूर उडत नाही. सबब एकाच्या अंगणातील आळसाचे फळ शेजाऱ्याच्या मुलास भोगावे लागते.

व्हिएतनाम देशातील फानबोई गावी १९९३ साली पाण्याच्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलजीव सोडण्यात आले. ते डासांच्या नवजात अळ्या खातात. पुढे गावकऱ्यांनी टाकाऊ भांडीही गोळा केली, आणि या जातीचा डास गावातून नाहीसा झाला. घरोघरचा हात लागला, म्हणूनच हे साधले.

तेव्हा येत्या रविवारी पवित्र मिस्सेनंतर आपण सर्व दफनभूमीतील फुलदाण्यांत ओली वाळू भरू. फुले तीतही टवटवीत राहतात. तरुणांनी आपापल्या आळीतील दहा-दहा घरे वाटून घ्यावीत, आणि ज्या वृद्धांना टाकी घासवत नाही, त्यांची आधी घासावी. मंदिराच्या दाराशी असलेले पवित्र पाण्याचे पात्र दर शनिवारी आम्ही स्वतः घासू.

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण बालपणापासून म्हणत आलो. आता हाती काथ्या घेऊन ती पाळू या. त्या बालकाच्या मातापित्यांपुढे मान वर करून उभे राहण्यास आपणांस दुसरा मार्ग नाही.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.