पाणी भरलंय, पण पोचतंय का?

ऐन मे महिन्यात, घाम पुसत बसलेल्या श्रोत्यांपुढे ‘इंजिन थंड कसं राहतं’ या विषयावर बोलायला लावणं ही आयोजकांची गंमत असावी. असो.

जुनी गाडी तापते म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: “पाणी बघितलंस का?” बघावंच. पण रेडिएटर काठोकाठ भरलेला असूनही इंजिन जळू शकतं, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

उदाहरण घेतो क्रायस्लरच्या सहा सिलिंडरच्या जुन्या इंजिनाचं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला घेतल्या, त्यांत हे इंजिन असे. सहा सिलिंडर एका ओळीत, आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, तर ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी. म्हणजे एक्झॉस्टचा जाळ ब्लॉकच्या अंगातूनच बाहेर पडतो.

पाण्याचा फेरा सोपा आहे. पंप रेडिएटरच्या तळातून निवलेलं पाणी ओढतो आणि ब्लॉकमध्ये ढकलतो. ते सिलिंडरभोवती फिरून हेडमध्ये चढतं, थर्मोस्टॅटमधून वरच्या होज पाइपात जातं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना निवतं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढे, गार खाली उतरे, त्यावरच फेरा चाले.

खालचा होज पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. काही गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग घातलेली असते. ती गंजून गेली आणि रबर मऊ पडलं, तर गाडी जोरात पळवताना पाइप चपटा होतो. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत तो पुन्हा गोल! मग मेकॅनिक म्हणतो, “साहेब, सगळं ठीक आहे.”

आता त्या डॉजचा पंप काढू. मागे ब्लॉकच्या तोंडाशी एक फट दिसते. तिच्यात जवळजवळ ब्लॉकइतकी लांब, पातळ पत्र्याची नळी सरकवलेली असते आणि तिला व्हॉल्व्हच्या बैठकींच्या रोखानं भोकं असतात. पंपाचं गार पाणी आधी सर्वांत तापणाऱ्या जागी पोचावं, ही तिची कामगिरी. ती गंजली की पाणी पुढच्या सिलिंडरांपाशीच सांडतं आणि पाचव्या-सहाव्याची अवस्था कालव्याच्या टेलच्या शेतासारखी होते. तिथे वाफेचा फुगा धरतो, पाणी धातूला टेकतच नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. डॅशबोर्डवरचा काटा बिचारा एकाच जागेचं तापमान सांगतो, तो कित्येकदा नॉर्मलच असतो. नळी बदलायची तर रेडिएटर उतरवावा लागतो, कारण ती पुढूनच बाहेर येते. सडलेली असेल तर तुकड्यातुकड्यांनी. ही कटकट नको म्हणून पंप नवा, रेडिएटर नवा आणि नळी मात्र जुनीच, असं सर्रास होतं.

थर्मोस्टॅटवर तर आपला फारच राग. “आपल्या हवेत कशाला लागतो?” म्हणून काढून फेकतात. त्यानं इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त पितं, तेलात गाळ धरतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर न बघताच परत फिरतो. म्हणजे थंडाव्यासाठी केलेल्या उपायानं घाटात गाडी तापते.

रेडिएटरच्या झाकणाचंही तसंच. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे उघड्यावर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. सात पौंडांचा दाब धरणारं झाकण धड असेल तर समुद्रसपाटीला हाच आकडा ११० च्या पुढे जातो. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी सवलत गेली. बोअरच्या पाण्याच्या क्षारांवर मी फार बोलत नाही. कूलंट घाला, तो इथे पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज धरू नये म्हणून हवा.

राहिला घाट. वरच्या गिअरमध्ये रेटत चढलात तर पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाबरोबर मंदावतात, वाराही कमी. खालचा गिअर टाका. काटा चढू लागला पण उकळी फुटलेली नाही, तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. लगेच बंद केलंत तर फेरा थांबतो आणि धातूतली उष्णता उभ्या पाण्यात उतरून तिथेच उकळी फुटते. आधीच वाफ आली असेल तर मात्र बंद करा, बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. अर्ध्या-पाऊण तासानं, हात टेकवता आला की, जाड फडकं घेऊन झाकण सैल करा, इंजिन चालू करा आणि मगच पाणी थोडं थोडं ओता. तापलेल्या ब्लॉकवर एकदम गार पाणी पडलं तर तो तडकतो.

प्रश्न असतील तर घेतो. डॉजवाले कोणी असतील, त्यांनी आधी विचारावं.